अण्णांची टोपी

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अण्णा चौदा महिने अंथरुणावर होते. तासगावच्या घरी दादा आणि वहिनी, मी पुण्यात. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा, शनिवारी एसटीने जायचो आणि रविवारी संध्याकाळी परत निघायचो. अशाच एका रविवारी मी त्यांना चमच्याने पेज भरवत होतो. वहिनींनी एका हाताने त्यांच्या पाठीला आधार दिला होता. पुतण्याने फोटो काढला. परतीच्या एसटीत मी तो फेसबुकवर टाकला. टाकण्याआधी कडेने कापला. कापताना वहिनींचा हात गेला.

फोटोवर लिहिलं होतं, ‘आज मनातलं खरं लिहितो. बापाचा बाप होणं सोपं नसतं.’ सातारा येईपर्यंत तीनशेहून जास्त लाइक पडले होते. कुणी श्रावणबाळ म्हटलं, कुणी माझ्या संस्कारांना हात जोडले. त्यांत एक लाइक वहिनींचाही होता.

त्या मजकुरात खोटं काय होतं, असं कुणी विचारलं असतं तर मला दाखवता आलं नसतं. पेज मीच भरवत होतो. डोळ्यांत पाणीही खरंच होतं. म्हणून इतके दिवस मी स्वतःच्या हाती सापडलो नाही.

आता हिशेब मांडतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. त्या दोन तासांत रात्रही येते. भरवताना त्यांना ताठ बसवायचं, चमचा अर्धाच भरायचा, आधीचा घास गिळला की नाही ते बघायचं, कारण ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं. लघवीची पिशवी, चादरी, औषधांच्या वेळा. हे सगळं वहिनींना पाठ होतं. मला अण्णांची रात्रीची गोळी कोणत्या रंगाची, हेही माहीत नव्हतं. चौदा महिन्यांत मी त्यांच्यासाठी एकही रात्र पूर्ण जागलो नाही.

आणखी एक गोष्ट लिहायला हात धजत नाही, पण ती वगळली तर या चिंतनाला अर्थ नाही. तेव्हा माझं पुस्तक येणार होतं. ‘वाचकांशी मोकळं व्हा, खरे दिसा, सतत दिसत राहा,’ असा सल्ला मला मिळाला होता. फेसबुकवर ‘लाइक’चं बटण २००९ साली आलं, तेव्हापासून कोणत्या शब्दाला किती हात वर होतात हे लिहिणाऱ्याला त्याच घटकेला कळू लागलं. ज्यावर लोक थांबतात, बोलतात, ते आणखी लोकांपुढे जातं. माझ्या विचारांपेक्षा माझं दुःख लांब पोहोचतं, हे मी ओळखलं होतं. फोटो टाकताना ते माझ्या डोक्यात होतं.

अण्णा गेल्यावर काही महिन्यांनी ‘सत्याचे प्रयोग’ पुन्हा हातात घेतलं. गांधीजींची ही आत्मकथा १९२५ ते १९२९ या काळात ‘नवजीवन’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. म्हणजे तेही आठवड्यामागून आठवडा लोकांपुढे येणंच होतं. त्यात वडिलांच्या मृत्यूचं प्रकरण आहे. सोळा वर्षांचा मुलगा रोज रात्री आजारी वडिलांचे पाय चेपतो. शेवटच्या रात्री काका म्हणतात, मी बसतो. मुलगा पत्नीकडे, आपल्या खोलीत जातो आणि थोड्याच वेळात वडील गेल्याचं कळतं. सेवेच्या कितीतरी रात्री सांगण्यासारख्या होत्या. त्यांनी आपण नव्हतो ती घटका लिहिली आणि तिची लाजही लिहिली. मी एका रविवारच्या हजेरीने चौदा महिन्यांची गैरहजेरी झाकली होती.

पुस्तक मिटलं आणि तासगाव गाठलं. वहिनी गहू निवडत होत्या. फोटो कसा कापला, का कापला, सगळं त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या रडतील किंवा ‘जाऊ द्या’ म्हणतील. त्या बराच वेळ सुपाकडे बघत राहिल्या.

“भावजी, माझा हात गेला त्याचं मला काही नाही. पण अण्णा टोपी घातल्याशिवाय कधी दारातसुद्धा गेले नाहीत. तुमच्या फोटोत त्यांचं डोकं उघडं होतं.”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उघडं डोकं, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलेली पेज, वाकडं झालेलं तोंड. ज्या माणसाने आयुष्यभर पोस्टमनसमोरही टोपी सारखी केली, त्याला मी शेकडो अनोळखी लोकांपुढे तसा बसवला होता. त्यांना विचारलं नव्हतं. एक हात हलत होता, मान हलत होती. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. बहुधा म्हणूनच विचारलं नाही. मी माझं मन उघडं करतोय असं समजत होतो आणि उघडे अण्णा पडले होते.

तो फोटो काढून टाकला. पण नुसता काढला असता तर कौतुक माझ्याकडेच राहिलं असतं. म्हणून वहिनींना वाचून दाखवून, त्यांच्या होकाराने, त्याच ठिकाणी लिहिलं: अण्णांची सेवा वहिनींनी आणि दादाने केली, मी पाहुण्यासारखा येत होतो, तो फोटो अण्णांना न विचारता टाकला होता. सोबत फोटो नव्हता.

चौतीस लोकांनी ते वाचल्याची खूण ठेवली. रात्रीत मी तीन वेळा आकडा पाहिला. ते पाहणं अजून सुटलेलं नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.