‘न मम’ म्हणण्याआधी

महाभारताच्या सभापर्वात बोलावणं घेऊन आलेल्या दूताला द्रौपदी परत पाठवते आणि विचारायला सांगते, की युधिष्ठिरांनी आधी स्वतःला हरवलं की मला? वरवर हा द्यूताच्या नियमांतला बारकावा वाटतो. पण जो स्वतःचाच उरला नाही त्याची दुसऱ्या माणसावर मालकी कशी, असा तिचा खरा सवाल होता. भीष्मांना पेच कळला. ज्याच्याकडे काही उरलं नाही त्याला दुसऱ्याचं धन पणाला लावता येत नाही, हे त्यांना मान्य होतं. पण पत्नी पतीच्या आज्ञेत असते, हा समजही सोडवेना. धर्म सूक्ष्म आहे, असं म्हणून त्यांनी निवाडा करणं टाळलं. विदुर आणि विकर्ण बोलले, बाकीची सभा गप्प राहिली. आपल्या लक्षात मात्र वस्त्रहरण राहिलं, कारण ते डोळ्यांना दिसतं. माणूस पणाला लावता येतो, हे त्याआधीचं गृहीत धरलेलं तसंच मागे सुटलं. नात्यातल्या जुलमाबद्दल आपण आजही असेच बोलतो. अंगावर वळ दिसला तर हळहळतो, आणि वळ न उठवता कुणाचं आयुष्य मुठीत ठेवलं असेल तर तो ‘त्यांच्या घरातला प्रश्न’ म्हणून सोडून देतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं आणि ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ हा शब्द रुळवला. त्यांचा मुद्दा असा, की सुटी सुटी भांडणं मोजून हा जुलूम कळत नाही. तो रोजच्या बारीक बंधनांतून विणलेला असतो आणि त्यात माणसाचं स्वातंत्र्यच हिरावलं जातं. मराठीत त्याला जुना शब्द आहे, धाक. ‘पोचलीस का?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. एका घरात त्याचं उत्तर ‘हो’ एवढंच असतं. दुसऱ्या घरात उत्तराबरोबर लाइव्ह लोकेशन पाठवावं लागतं, उशीर झाला तर फोटो काढून पाठवावा लागतो, आणि रात्री फोन तपासायला द्यावा लागतो. तिच्या पगाराचं एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असतं, भाजीच्या पैशांचा हिशेब चिठ्ठीवर मांडावा लागतो, आईशी बोलताना फोन स्पीकरवर असतो. यातली एकेक गोष्ट सांगायला गेलं तर क्षुल्लक वाटते, म्हणूनच ती सांगितली जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. हा आकडा बातम्यांत येतो. त्याच सर्वेक्षणात नवरा मैत्रिणींना भेटू देतो का, माहेरच्यांशी संबंध तोडायला पाहतो का, पैशांच्या बाबतीत विश्वास ठेवतो का, हेही विचारलं जातं. त्याची चर्चा क्वचितच होते.

धर्माचा प्रश्न इथेच उभा राहतो, कारण या बंधनांना आपल्याकडे समर्पणाचा मुलामा देता येतो. संसारात ‘मी’ विरघळायला हवा, पातिव्रत्य म्हणजे स्वतःला विसरणं, असं कथा-प्रवचनांतून ऐकवलं जातं. त्यागाचं मोल मोठं आहे, यात वाद नाही. पण त्यागाची अट काय, हे आपलेच विधी सांगतात. यज्ञात आहुती टाकताना यजमान ‘न मम’ म्हणतो, हे आता माझं नाही. जे मुळात त्याचं होतं त्याबद्दलच तो हे म्हणू शकतो. दुसऱ्याच्या कोठारातलं धान्य अग्नीत टाकून पुण्य मिळत नाही, आणि कुणी हात पिरगाळून काढून घेतलेल्या वस्तूला दान म्हणत नाहीत. मग जिला नकार देण्याची सोयच नाही तिच्या होकाराला समर्पण कसं म्हणायचं? धाक ‘मम’ म्हणणारं माणूसच पुसून टाकतो आणि मग त्याच्या गप्प बसण्याला त्याग म्हणून मिरवतो.

यावर बहिणाबाईंचा दाखला दिला जाऊ शकतो. सतराव्या शतकातल्या या संत कवयित्रीनं तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्यानं तिला मारझोड केली. तिनं सोसलं, पुढे तो आजारी पडला आणि बदलला. म्हणजे सोसण्यातच बळ, असा निष्कर्ष काढतात. पण तिनं काय सोडलं नाही ते पाहायला हवं. पत्नीधर्म मानूनही तिनं तुकोबांना सोडलं नाही; आपली भक्ती कुठे वाहायची हा निर्णय तिनं नवऱ्याच्या हाती दिला नाही. ज्यांचे नवरे कधीच बदलले नाहीत त्यांची आत्मचरित्रं तर लिहिलीच गेली नाहीत. एका पश्चात्तापावरून सगळ्यांना सोसण्याचा नियम घालून देता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. संसार म्हणजे तडजोड, मग प्रत्येक तडजोडीला जुलूम म्हणायचं का? नाही. तडजोडीत दोघांनाही वळावं लागतं, आणि ‘मला पटत नाही’ म्हटल्याची किंमत मोजावी लागत नाही. ती स्वतःच तक्रार करत नाही, असंही म्हटलं जातं. पण तक्रारीचे परिणाम जिला ठाऊक असतात तिचं न बोलणं ही संमतीची साक्ष होऊ शकत नाही. नकाराचा हक्क आपल्याकडे किती महाग होता ते रखमाबाईंच्या खटल्यानं दाखवलं. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयानं नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम दिला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. वाद मारहाणीचा नव्हताच, तरी धर्म बुडाल्याची ओरड झाली. इतका खळबळजनक होता एका बाईचा ‘नाही’.

मग कायदा घरात घुसणार आणि खोट्या तक्रारी होणार, ही भीती उरते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्यानं असं नियंत्रण गुन्हा ठरवलं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. पण एका भांडणावर गुन्हा सिद्ध होत नाही. वर्तन वारंवार किंवा सतत घडलेलं असावं लागतं, आणि त्यानं हिंसेची भीती किंवा रोजचं जगणं विस्कटण्याइतका त्रास झालेला दिसावा लागतो. पीडित पुरुषही असू शकतो, आणि तो कायदा तसा भेद करत नाही. भारताच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळ स्पष्ट नोंदला आहे, पण दाद मागता येते ती फक्त स्त्रीला. कोणताही कायदा तक्रार आल्यावर चालतो. तक्रारीआधी आपल्यावर होतं आहे त्याला नाव असतं हे कळावं लागतं, आणि ते नाव न्यायालयापेक्षा कीर्तनात, हळदीकुंकवात, विवाहपूर्व समुपदेशनात लवकर पोचेल.

त्यासाठी परका शब्दही आणायला नको. लग्नात वर ‘नातिचरामि’ म्हणतो. धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत मी मर्यादा ओलांडणार नाही, असं ते वचन आहे. टाळ्या आणि वाजंत्रीच्या गडबडीत ते कुणी नीट ऐकत नाही. भटजींनी पुढच्या लग्नात तिथे क्षणभर थांबून अर्थ समजावून सांगावा, की यातल्या ‘अर्था’त बायकोच्या पगाराचं कार्डही येतं.