वारशाचा हक्क कुठवर?

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये संग्रहालय उभारून आपला कलासंग्रह लोकांपुढे ठेवला. वारशाने मिळालेल्या वस्तूंचे आपण विश्वस्त असतो, असे मानणाऱ्या प्रत्येक घराण्याने हेच करावे. पण हा न्याय मेळघाटातल्या सेमाडोहला जसाच्या तसा लागू होत नाही. तिथले कोरकू आदिवासी मृतांसाठी चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरलेला लाकडी स्मृतिस्तंभ, म्हणजे मुंडा, उभारतात. तो पूर्वजाला दिलेला शब्द आहे. त्याची मालकी जिवंत वारसाकडेही पूर्ण येत नाही, मग तो संग्राहकाला देणार कोण?

पावसात लाकूड कुजेल, कला नष्ट होईल, हा आक्षेप खरा आहे. मात्र कला कोरणाऱ्या हातांत टिकते, आणि ते हात रिकामे राहिले तर काचेआडचा मुंडा तिला वाचवू शकत नाही. संग्रहालयांनी उभा मुंडा उपटू नये. स्थानिक कारागिराला योग्य मोबदला देऊन, गावाच्या संमतीने नवा घडवून घ्यावा.