सैतान नेमका राहतो कुठे? (गीता ३.३६-३७)



आजचं चिंतन तिसऱ्या अध्यायातल्या ३६ आणि ३७ या श्लोकांवर. अर्जुन विचारतो, माणसाची इच्छा नसतानाही कुणी बळजबरीनं जुंपावं तसा तो पाप करतो, तर हे करवणारा कोण? प्रश्नाचा रोख बघा. अर्जुनाला एक ‘कोण’ हवा आहे. भगवंत मात्र कुणा व्यक्तीचं नाव घेत नाहीत. ते म्हणतात काम आणि क्रोध. पुढे ४० व्या श्लोकात त्याचा पत्ताही देतात : इंद्रियं, मन, बुद्धी.

आपल्याकडे दैत्य आहेत, राक्षस आहेत, कली आहे. पण सगळ्या पापाचा एकच मालक असा सैतान नाही. उलट प्रल्हाद असुराच्या घरी जन्मतो आणि बळीराजा असुर असूनही आपला शेतकरी दिवाळीत त्याचंच राज्य मागतो. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात रावणाची पूजा होते. म्हणजे ‘वाईट कोण’ याची यादी गावागणिक बदलते.

माझं गाव रोहणा, वर्धा जिल्ह्यातलं. वर्धा-नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. खोकला, रोगराई, डास, सगळं घेऊन जा म्हणून तिला ओरडून सांगायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. नागपुरात काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. सोबतचे बडगे महागाईवर असतात, भ्रष्टाचारावर असतात. मला ही प्रथा आवडते, कारण इथे वाईटाला गवत-कागदाचं शरीर देतात, जिवंत माणसाचं नाही. पण मनाची सवय तीच : वाईट बाहेर आहे, ते वेशीपलीकडे टाकलं की झालं.

इतर धर्म काय म्हणतात? ‘सैतान’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. त्याचा भाऊबंद असलेल्या हिब्रू शब्दाचा अर्थ फक्त विरोधक, आडवा येणारा. बायबलमधल्या ईयोबाच्या कथेत तो देवाच्या दरबारात उभा असतो आणि देवाच्या परवानगीनंच ईयोबाची परीक्षा घेतो. नव्या करारात तो खूप मोठा शत्रू होतो, पण रानात येशूपुढे त्याचं शस्त्र काय? भूक, सत्ता आणि चमत्काराचा मोह. हात धरून तो काहीच करवून घेत नाही.

कुराणातला इब्लीस आदमपुढे झुकत नाही. त्याचं कारण एकच : मी आगीपासून, हा मातीपासून, म्हणून मी श्रेष्ठ. मला यात जातीच्या अहंकाराचं मूळ दिसतं. १४ व्या सूऱ्यात तर निवाड्याच्या दिवशी सैतान आपल्या अनुयायांना सांगतो की माझी तुमच्यावर सत्ता नव्हती, मी फक्त बोलावलं, तुम्ही आलात, आता दोष स्वतःला द्या. सूफी हल्लाज याच इब्लीसला एका देवाशिवाय कुणापुढेही न झुकणारा प्रेमी म्हणून बघतो. पारशी धर्मात अंग्र मैन्यू हा खरोखरचा विरोधी पक्ष आहे. तरी बाजू कोणती घ्यायची ते माणसानंच ठरवायचं.

आणि बुद्धाचा मार. आमच्या जिल्ह्यात बौद्ध वस्ती मोठी आहे, १९५६ ची दीक्षाभूमी शेजारच्या नागपुरात. सुत्तनिपातात माराच्या सैन्याची यादी येते आणि त्यातली पहिली सेना कोणती? काम! गीतेच्या ३७ व्या श्लोकातला पहिला शब्दही तोच. मार अनेकदा वेश बदलून येतो. बुद्ध त्याला मारत नाहीत, ओळखतात. ओळखलं गेल्याचं कळलं की तो खिन्न होऊन निघून जातो.

गोव्यातलं उदाहरण तर फारच बोलकं आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ छापलं, तेव्हा सैतानासाठी तिथलाच ‘देवचार’ हा शब्द वापरला. आजही गोव्याच्या ख्रिस्ती घरात देवचार म्हणजे सैतान आणि शेजारच्या हिंदू घरात देवचार म्हणजे गावाचा राखणदार. शब्द एकच. एक त्याला घाबरतो, दुसरा त्याच्या भरवशावर झोपतो.

मग प्रश्न असा की सैतान बाहेर मानला काय आणि आत मानला काय, फरक काय पडतो?

फरक पडतो, आणि त्याची किंमत माणसं मोजतात. सैतान बाहेर आहे असं ठरलं की तो कुणात तरी सापडावा लागतो. मूल आजारी पडतं, म्हैस दूध देत नाही, आणि मग गावातली एखादी एकटी म्हातारी ‘करणी करणारी’ ठरते. डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत एखाद्याला सैतान किंवा सैतानाचा अवतार ठरवणं हे कृत्य चक्क नमूद आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. धर्मग्रंथातला शब्द कायद्यात आणावा लागला, कारण त्या शब्दाखाली माणसं मारली जात होती. शहरात आपण वेगळे आहोत असं समजू नका. आपण एखाद्या अख्ख्या समाजाला, पक्षाला किंवा ऑफिसातल्या एकाला ‘तो राक्षसच आहे’ म्हणतो, तेव्हा तेच करत असतो.

पण ‘सगळं आतच आहे’ म्हणण्यातही धोका आहे. अन्याय सोसणाऱ्याला ‘तुझ्या मनातला क्रोध जिंक’ एवढंच सांगितलं तर तो अध्यात्माच्या नावाखाली दुसरा अन्याय होतो. काम-क्रोध एकट्या माणसात राहत नाहीत. ते सावकारीत, हुंड्यात, जातीतही राहतात. शिवाय खचलेला माणूस ‘मीच वाईट’ म्हणून स्वतःला खात बसतो. इथे सैतान मानणाऱ्या धर्मांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे : पाप म्हणजे मी नव्हे, ते माझ्यावर चालून आलेलं काहीतरी आहे. गीताही त्याला ‘वैरी’च म्हणते. वैरी घरात शिरलेला असतो, पण तो घराचा मालक नसतो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं आवडतं वाक्य आहे, ‘माझ्या मशीनवर चालतंय.’ म्हणजे दोष दुसरीकडे. चांगला इंजिनिअर मात्र आधी स्वतःचा लॉग उघडतो आणि तिथं चूक नसेल तर सर्व्हरकडे बोट दाखवायलाही कचरत नाही. क्रम महत्त्वाचा.

वर्ध्याच्या मातीत हे विनोबांनी जगून दाखवलं. गीताई लिहिणाऱ्या याच माणसानं कुराण मुळातून वाचायला अरबी शिकून घेतली, कुराणाचं सार काढलं, ख्रिस्तधर्माचंही काढलं. त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथात सैतान नाही, सार शोधलं. आणि ज्ञानोबांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी काय मागितलं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दुष्ट नष्ट होवोत असं नव्हे, तर त्यांचा वाकडेपणा जावो. माणूस राहू दे, वाकडेपणा जाऊ दे.

आजची साधना : दिवसभरात राग किंवा हाव उठली की तिला दाबू नका, तिच्या मागेही जाऊ नका. मनात फक्त म्हणा, ‘ओळखलं तुला.’ आणि ज्या एका माणसाला तुम्ही मनात राक्षस ठरवलं आहे, त्याच्या कृत्याला विरोध करायचा असेल तर जरूर करा; पण झोपण्यापूर्वी त्याचं नाव घेऊन पसायदान म्हणा.

उद्या ४१ वा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी!