मीठ बरोबर आहे ना?

मला एक खोड आहे. तिला खोड म्हणावे की छंद, याचा निवाडा आमच्या घरात अजून व्हायचा आहे. मी छंद म्हणतो, सौ. खोड म्हणते, आणि मुले दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेऊन ताटात काय पडते आहे तिकडे लक्ष देतात. कोंबडीचा एखादा नवा प्रकार कानावर आला, की तो घरी करून पाहिल्याशिवाय किंवा जिथला असेल तिथे जाऊन खाल्ल्याशिवाय मला चैन पडत नाही. यासाठी मी एक वहीही ठेवली आहे. कुठे काय खाल्ले, वाटणात काय होते, रस्सा पातळ होता की दाट, हे सारे मी तीत टिपून ठेवतो. हिशेबाच्या वहीकडे मी इतक्या आस्थेने कधी पाहिले असते, तर आज घराची परिस्थिती थोडी निराळी दिसली असती, असे सौ.चे मत आहे. ते खोटे नाही.

प्रयोगाचा वार अर्थातच रविवार. सोमवार, गुरुवार आणि शनिवार देवांनी वाटून घेतलेले. त्यातून एकादशी, चतुर्थी आणि सबंध श्रावण वजा जाता माणसाच्या वाट्याला जे काही उरते, त्यात रविवार हाच भरवशाचा. गोव्याहून परतल्यावर एका रविवारी आम्ही कॅफ्रियल केले. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आले, लसूण यांचे हिरवेगार वाटण लावून कोंबडी भाजायची, एवढेच मला आठवत होते. व्हिनेगर किती घालायचे ते वहीत लिहायचे राहून गेले होते. मी आठवणीच्या भरवशावर ओतले. जेवताना धाकट्याने पहिला घास घेतला आणि एक डोळा मिटून विचारले, "बाबा, हे लोणचं आहे का?" मात्र चारच आठवड्यांनी तोच पदार्थ असा जमला, की शेजारच्या बिऱ्हाडातून वाटी आली. असे हे चालते. दहा प्रयोगांत सात फसतात, दोन बरे होतात आणि एखादा घरातलाच होऊन बसतो.

माझ्या लहानपणी हे सारे अशक्य होते. आमच्या जुन्या घरी कोंबडी स्वयंपाकघरात शिजत नसे. परसात तीन दगडांची वेगळी चूल, तिचे वेगळे पातेले, वेगळा डाव. आणि ते पातेले घासून परसातच पालथे पडायचे. पुढे कधीतरी वाचले, की मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय काय खाऊ नये ते सांगताना लसूण, कांदा आणि गावकोंबडा यांना एकाच पंक्तीला बसवले आहे. वाचून मला हसू आले. आमच्या रविवारच्या पातेल्याची ती तयार यादीच होती! त्या परसातल्या चुलीचा अर्थही तेव्हा थोडासा उमगला. माझ्या वाडवडिलांनी तो नियम मोडलाही होता आणि पाळलाही होता. कोंबडी खायची, पण परसात. मनुष्य आपल्या जिभेशी आणि आपल्या धर्माशी असे अनेक तह करून जगत असतो.

म्हणूनच "आपल्याकडे असे करत नाहीत" हे वाक्य मी फारसे मनावर घेत नाही. ज्या मिरचीवाचून आपला रस्सा रस्सा होत नाही, ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटपणाचा भार मिरी आणि आले वाहत होती. म्हणजे कोणा एका घरात, कोणा एका दिवशी, कोणा गृहिणीने ती परकी लाल शेंग भीतभीतच रश्श्यात टाकली असेल, आणि सासूने नाक मुरडले असेल. आज तिच्यावाचून आपल्याला घास उतरत नाही. दिल्लीकडची तंदुरी कोंबडी तर कालपरवाची. फाळणीनंतर पेशावरकडून उखडून आलेल्या माणसांनी ती दिल्लीत रुजवली. बटर चिकन पहिल्यांदा कोणी केले, याचा तंटा २०२४ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. आपण ज्याला परंपरा म्हणतो ती अशी कालच्या नवलाईतूनच घडत येते. जुने ते सगळेच सोने नसते. पुष्कळदा ते जुने झालेले नवे असते.

घराबाहेर पडल्यावर तर ही गोष्ट पावलोपावली पटते. कोकणात वडे म्हणजे तांदूळ-उडदाच्या पिठाचे, धणे-मेथीचा वास असलेले फुगीर वडे. ते मोडून नारळाच्या रश्श्यात बुडवले, की देशावरच्या माणसाला आपण आजवर भाकरीशी उगाच एकनिष्ठ राहिलो असे वाटू लागते. नागपूरच्या कोष्टी वस्त्यांतून निघालेला सावजी रस्सा पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी काढतो आणि दुसऱ्या घासाला पुन्हा बोलावतो. गोव्याच्या शागुतीत खसखस, भाजलेले खोबरे आणि मसाले असे एकजीव झालेले असतात, की कोण कुठला ते ओळखू येत नाही. पक्षी तोच, पण दर शंभर कोसांवर त्याची भाषा बदलते. परक्याच्या भाषेतले चार शब्द शिकल्याने मन जसे थोडे रुंदावते, तसे परक्याच्या रश्श्यानेही रुंदावते, असे मी मानीत आलो. नव्या चवीला नकार देणारा मनुष्य मला मनाने थोडा कोता वाटे. मी तसा नाही, याचा मला सूक्ष्म अभिमानही होता.

तो अभिमान पाटणच्या बाजूला एका घरी गळाला. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. इतका वेळ मी चुलीभोवती घुटमळत होतो तो थोडा संकोचामुळे.

पंधराएक वर्षे झाली असतील. कऱ्हाडहून चिपळुणास निघालो होतो. ज्येष्ठातला पाऊस नुकता लागला होता, आणि पुढे कुंभार्ली घाटात दरड आल्याचे कळले. बरोबरच्या स्नेह्याच्या ओळखीचे एक शेतकऱ्याचे घर वाटेवर होते. रात्रीपुरता तिथे आसरा घेतला. घरात म्हातारा-म्हातारी दोघेच. मुलगा मुंबईला, सून बाळंतपणाला माहेरी. म्हाताऱ्याने आम्हांला घोंगडी अंथरून दिली आणि तो मागल्या दाराने परसात गेला. थोड्या वेळाने परसातून फडफड ऐकू आली, आणि मग काही नाही. मी स्नेह्याला हळूच म्हणालो, "चला, आज वहीत भर पडणार!"

म्हातारीने मागच्या पडवीत तीन दगडांची चूल पेटवली. मी जाऊन जवळ बसलो. सुके खोबरे आणि कांदा निखाऱ्यावर भाजला, थोडे तीळ, पाट्यावर वाटण, आणि घरची कांदा-लसणाची चटणी. मी वही उघडली होती, ती मिटली. हे सगळे मला ठाऊक होते. नवीन काही नव्हते.

जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, कांदा आणि वाफाळता रस्सा. म्हातारी थोडी दूर, उंबऱ्याजवळ बसली. मी पहिला घास घेताच ती म्हणाली, "पावणं, मीठ बरुबर हाय का तेवढं सांगा. मला चाखता येत न्हाई. माळ हाय गळ्यात."

तेव्हा कुठे माझे लक्ष तिच्या तुळशीच्या माळेकडे गेले. मी म्हणालो, "मीठ ठीक आहे, मावशी. खोबरं मात्र अजून जरा भाजायला हवं होतं. आमच्याकडे चांगलं काळपट होईपर्यंत भाजतात. आणि तिकडे कोकणात तर..." असे म्हणून मी कोकण, नागपूर आणि गोवा यांची सहल तिला घडवून आणली. तिने सगळे नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "आसंल. बारा वरसं झाली चाखून. हात चुकला आसंल. पुढल्या खेपंला जास्ती भाजीन."

जेवण झाल्यावर तिने ती चूल विझवली, पातेले पडवीत पालथे घातले आणि त्या पावसाळी गारठ्यात पुन्हा आंघोळ केली. मग आत जाऊन ताक-भाकरी खाल्ली. चारच दिवसांनी ती वारीला निघायची होती. सकाळी हातावर पाणी घालताना म्हातारा सहज बोलून गेला, की पाखरू खुडूक झाले होते. दोन दिवसांत अंड्यांवर बसवायचे होते. घरात तेवढेच एक होते.

दरड निघाली, गाडी घाट उतरू लागली. स्नेही काहीतरी बोलत होता. माझ्या डोक्यात मात्र एकच वाक्य घुमत होते: बारा वरसं झाली चाखून.

बारा वर्षे जी चव स्वतः घेतली नाही, ती एका बाईने केवळ हाताच्या स्मरणाने उभी केली होती. जे आपल्याला निषिद्ध, ते पाहुण्याला वर्ज्य नाही, म्हणून आपल्या व्रताला धक्का न लावता तिने ते माझ्यासाठी रांधले होते. आणि शेवटची खातरजमा करायला तिने माझी जीभ विश्वासाने उसनी मागितली होती. मी ती दिली कशी? परीक्षकासारखी. इतक्या वर्षांच्या भटकंतीत इतका नवा पदार्थ माझ्यापुढे आला नव्हता, आणि मी "नवीन काही नाही" म्हणून वही मिटली होती.

तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे, की नवी चव घेण्याचा अधिकार माणसाला येतो कशाने? खानावळीत पैसे मोजले की हिशेब मिटतो असे आपण धरून चालतो. तिथे खोबरे कमी भाजले असे म्हणण्याचा मला हक्क असेलही. पण ज्याच्या घरी आपण बसलो आहोत तिथे आपण गिऱ्हाईक नसतो. पाहुणा आणि परीक्षक ही दोन नाती आहेत, आणि नवलाईच्या हावेपोटी मी पहिल्याच्या पाटावर दुसऱ्याला बसवले होते. जी उत्सुकता माझे मन रुंद करते असे मी समजत होतो, तिने त्या रात्री मला समोरची बाईसुद्धा दिसू दिली नव्हती.

आणि ते पाखरू? माझ्या लहानपणी कोंबडी कापली जाई ती जावई आला म्हणून, जत्रा आहे म्हणून, कोणी आजारातून उठले म्हणून. गावठी पाखरू अंगाने भरायला पाच-सहा महिने लागत. ते डोळ्यांदेखत परसात वावरलेले असे. त्यामुळे त्याचा जीव घेताना घराला कारण द्यावे लागे. आज बाजारात मिळणारे ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जाते. त्याला स्वतःची अशी चव बेताचीच, म्हणून तर कोणताही मसाला त्यावर कोऱ्या पाटीवरच्या अक्षरासारखा उमटतो. माझे दर रविवारचे प्रयोग या स्वस्ताईवरच उभे आहेत. कारण देण्याची गरज उरली नाही, म्हणून नवलाई हेच कारण होऊन बसले.

हे सगळे मी माझ्या एका शाकाहारी मित्राला सांगितले. तो हसून म्हणाला, "तुझ्या कृतज्ञतेचा त्या कोंबडीला काय उपयोग? मेली ती मेलीच." यावर माझ्यापाशी उत्तर नाही, आणि उसने उत्तर मी आणणार नाही. मी कोंबडी खाणे सोडलेले नाही. तेव्हा सात्त्विकतेचा आव आणला तर तो दुसरा दोष होईल. एवढे मात्र सांगू शकतो, की कृतज्ञता त्या पक्ष्याच्या उपयोगी पडत नसली तरी खाणाऱ्याच्या हावेला थोडी वेसण घालते. आता आमच्या घरी दर रविवारी प्रयोग होत नाही. महिन्यातून एकदा होतो, तोही कोणी येणार असेल तर. आणि आणलेले पानात टाकायचे नाही, मग प्रयोग फसो की साधो.

पण खरा धक्का मला घरीच बसला. पाटणहून परतल्यावरच्या रविवारी जेवायला बसलो, आणि सौ. नेहमीप्रमाणे वाढता वाढता म्हणाली, "मीठ बरोबर आहे ना?" माझा हात थांबला. हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत होतो, आणि "थोडं कमी आहे," "चालेल," "मागच्या वेळी बरं होतं," अशी उत्तरे पानातून मान वर न करता देत होतो. माझ्या प्रत्येक प्रयोगाला वाटण वाटणारी, पातेले घासणारी आणि सगळ्यांच्या मागून उरलेले वाढून घेणारी ही बाई मला काय विचारत होती? मिठाचेच विचारायचे असते, तर ते तिला माझ्याहून चांगले कळते.

मी म्हणालो, "आधी तू बस. मग दोघं मिळून सांगू."

ती बसली. एक घास घेतला आणि म्हणाली, "कमी आहे." ते खरोखरच कमी होते. आम्ही वरून घेतले.

दिवाळीचे दिवस आहेत. घरोघरची फराळाची ताटे रुमालाखाली झाकून शेजारीपाजारी निघाली असतील. कोणाची चकली मऊ पडली असेल, कोणाच्या अनारशाला जाळी सुटली नसेल. "आमच्याकडे असं करतात" हे वाक्य आपल्या साऱ्यांच्या जिभेच्या टोकावर तयारच असते; माझ्या तर आहेच. या दिवसांत मी ते एक क्षणभर तिथेच अडवून धरतो, आणि ताट घेऊन आलेल्या पोरीला म्हणतो, "आईला सांग, छान झालंय. आणि ती बसली का गं फराळाला?"