दुसरे मचवे
आम्ही बुऱ्हाणपूरकर, तापी ओलांडून जैनाबादेस जाणे हाच आमचा जलप्रवास! एकदा मात्र ओडिशातील चिल्का सरोवरात, जेथे खारे व गोडे पाणी मिसळते तेथे, शिडाच्या लहान होडीत आम्ही सहकुटुंब रात्र काढली. मध्यरात्री वारा सुटला. मुले बिलगली. “प्रभो, आमची होडी सांभाळ,” एवढीच प्रार्थना आम्हांस सुचली. नावाडी मात्र कंदील उंच धरून मागच्या कोळ्यांना हाका देत होता. आम्ही शरमलो.

आधी स्वतःच्या लेकरांसाठी रडणे पाप आहे काय? नाही. परंतु येशूच्या तारवासोबत इतर मचवेही होते, अशी नोंद मार्काने केली आहे (4:36). वारा शमला तो त्यांच्यासाठीही. प्रार्थना घरापासून सुरू व्हावी. घरातच संपू नये. प्रिय वाचकहो, आपल्या प्रार्थनेत मागच्या होड्या आहेत काय?