पाहणाऱ्याचे ऋण

नामिबियातील मार्गदर्शित सफारी चार-सहा दिवसांत नामिब वाळवंटातील सोसुसव्लेईच्या तांबड्या टेकड्या दाखवून उत्तरेला एतोशाच्या अभयारण्यात येते. ओकाउकुएयोच्या पाणवठ्यावर रात्री दिवे लावलेले असतात. त्या उजेडात हत्ती येतो, काळा गेंडा येतो. प्रवासी श्वास रोखून पाहतो आणि मनाशी म्हणतो, ‘माणसाचा हात न लागलेली सृष्टी ती हीच!’

हे समाधान तपासून पाहावे असे आहे. एतोशा राखीव झाले १९०७ मध्ये, जर्मन अमदानीत. तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर व कंदमुळांवर जगणाऱ्या हाइ-ओम लोकांना दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीने १९५४ मध्ये बाहेर काढले. काहीजण त्याच रानात मजूर म्हणून राहिले. म्हणजे ही निर्मनुष्यता निसर्गाने दिलेली नव्हे. ती हुकमाने घडविलेली आहे.

मग पाहणेच पाप मानावे काय? तसे नव्हे. अभयारण्य नसते तर गेंडाही कदाचित उरला नसता. परंतु एका सद्हेतूने दुसरा अन्याय धुऊन निघत नाही. १९९६ च्या कायद्याने नामिबियातील सामुदायिक जमिनींवरच्या रहिवाशांना वन्यपशूंवर व पर्यटनाच्या उत्पन्नावर हक्क मिळू लागला. राखणे आणि राहणे यांत वैर असलेच पाहिजे असे नाही, एवढे त्यावरून दिसते.

सौंदर्य पाहणाऱ्याकडून तिकिटाखेरीज आणखी एक मोल मागते : ते कोणाच्या घराच्या जागी उभे आहे, हे जाणून घेण्याचे. ते न देता परतणारा डोळे भरून पाहतो खरा. पण अर्धेच पाहतो.