भिंत आणि भाकर

शास्त्रभाग : नहेम्या ४:१५-२३, ५:१-१३



यरुशलेमेची भिंत बांधली जात होती. शत्रूचे भय होते, म्हणून बांधणाऱ्यांच्या एका हातात काम व दुसऱ्यात शस्त्र. पहाटेपासून तारे दिसेपर्यंत ते राबत. अशा वेळी लोकांची ओरड उठली. तीही शत्रूविरुद्ध नव्हे, स्वतःच्या भाऊबंदांविरुद्ध! धान्यासाठी शेते व घरे गहाण पडली होती, लेकी दासी झाल्या होत्या. “आधी भिंत पुरी होऊ द्या, मग पाहू,” असे नहेम्या म्हणाला नाही. त्याने सभा भरवून सरदारांना जाब विचारला व घेतलेले परत करविले.

अशीच ओरड आपल्या देशातही युद्धकाळात उठली. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. धान्याचे भाव चढले, मजुरी मागे राहिली. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या सुमारे पावणेदोन लाख गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला. तो ४० दिवस चालला. मागितले तेवढे पदरात पडले नाही. पुढे १९४२ मध्ये पूर्वसूचनेवाचून संप करण्यास बंदी आली. युद्धाच्या नावाने गरिबाला गप्प बसविणे सोपे असते.

तरी ती ओरड वाया गेली नाही. १९४२ मध्येच डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्याच वर्षी सरकार, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी एका परिषदेत बसले. १९४६ च्या कायद्याने कारखान्यातील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. महागाई भत्ता रूढ झाला. आज पगारपत्रकावर तो शब्द वाचताना कोणाच्या चुली थंड राहिल्या होत्या, हे आठवावे.

आम्ही लोधीपुऱ्याचे, बऱ्हाणपूरकर. मागाचा खडखडाट आमच्या कानांना नवा नाही. पण मागावर बसणाऱ्याचा आवाज ऐकू येतो काय? अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी जाते, असे याकोब सांगतो (५:४). आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचा पगार ठरल्या दिवशी दिला जातो काय? मंदिराच्या दुरुस्तीसाठी आलेल्या गवंड्याशी देवाच्या नावाने घासाघीस होते काय?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा धडा भिंतीपाशीच संपवू नये. पाचवा अध्यायही मुलांना शिकवावा. भिंत ५२ दिवसांत पुरी झाली खरी, पण देवाने मधल्या ओरडीलाही आपल्या ग्रंथात जागा दिली.

प्रभू आपणांस ऐकणारे कान व देणारे हात देवो. आमेन.